आजीच्या घरातून बाहेर पडायची दुसरी वाट

शिकागो, १२ ऑक्टोबर

ती. दादा व ती. सौ. वहिनी यांस सा. न. वि. वि.

गेल्या रविवारी फोनवर मीराने मध्येच “आजीच्या घरातून बाहेर पडायची दुसरी वाट कुठली?” असे विचारले, तेव्हा आपण सगळे हसलो आणि बोलणे फराळाकडे वळले. पण तो प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

१८७१ च्या ऑक्टोबरात हे शहर जळाले, सुमारे तीनशे माणसे दगावली आणि लाखभर लोक बेघर झाले. त्या आठवणीने ९ ऑक्टोबरचा आठवडा येथे आगप्रतिबंधासाठी पाळतात. आपल्याकडे १४ एप्रिलचा अग्निशमन सेवा दिन असतोच. १९४४ साली त्याच तारखेला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ बोटीचा स्फोट होऊन अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले, त्याची गोष्ट आजोबा सांगत. मात्र येथे शाळा मुलांच्या हातून घरच्यांनाही कामाला लावते. मीराने चौकटीच्या कागदावर घराचा नकाशा आणला. दारे हिरवी, खिडक्या तांबड्या, प्रत्येक खोलीतून बाहेर जाणारे दोन बाण, आणि घराबाहेर सगळ्यांनी जमायची जागा म्हणून आमची टपालपेटी, तीही घरापेक्षा मोठी काढलेली.

नकाशा काढून भागत नाही, सराव करावा लागतो. तो आम्ही शुक्रवारी रात्री, ती झोपल्यावर केला आणि पुरती फजिती झाली. धुराचा अलार्म कर्कश वाजत असताना मीराने कूस बदलून पांघरूण डोक्यावर ओढले. लहान मुले त्या आवाजाने जागी होतीलच असे नसते, हे नंतर समजले; आता तिला उठवायचे काम माझ्याकडे आहे. सुहास टपालपेटीपर्यंत पोचला आणि चष्मा राहिला म्हणून परत आत शिरला! बाहेर पडायला जेमतेम दोन मिनिटे मिळतात आणि एकदा बाहेर पडल्यावर कशासाठीही आत जायचे नाही, हे लेकीने बापाला सकाळी चहापूर्वीच ऐकवले.

आता तुमच्या घराचे. चाळीत लांब गॅलरी होती, दोन टोकांना दोन जिने होते, त्यामुळे हा विचार कधी करावाच लागला नाही. चौदाव्या मजल्यावर दार एकच, खिडक्यांना ग्रिल, आणि ग्रिल नसते तरी तिथून उतरणार कोण? म्हणून तुमच्या नकाशातली दुसरी वाट म्हणजे इमारतीचा दुसरा जिना, आणि दोन्ही जिन्यांत धूर असेल तर घरातच थांबायची, रस्त्याकडे खिडकी असलेली एक खोली. तिचे दार लावून फटीत ओले टॉवेल कोंबायचे, १०१ ला फोन करून मजला आणि खोली सांगायची व खिडकीतून कापड हलवत राहायचे. आग आपल्याच घरात असेल तर मात्र दार मागे ओढून घेऊन बाहेर पडायचे, धूर असेल तिथे जमिनीलगत रांगत जायचे आणि लिफ्टला हात लावायचा नाही. बंद दार उघडण्यापूर्वी त्याला तळहाताची मागची बाजू लावून पाहावी. ते तापलेले असेल तर उघडू नये.

वहिनी, रागावू नका, पण सेफ्टी डोअरला आतून कुलूप घालून किल्ली उशाखाली ठेवण्याची तुमची सवय मला तिकडे असतानाही खटकली होती. ती किल्ली दाराजवळच्या खिळ्याला, ओंकारचा हात पोचेल इतक्या उंचीवर लावा. दादा, जिन्याचे फायर डोअर वाऱ्यासाठी फरशीचा तुकडा लावून उघडे ठेवलेले मी स्वतः पाहिले आहे. त्या दाराने धूर अडवायचा असतो, तेव्हा सोसायटीच्या सभेत तो तुकडा आणि मधल्या वळणावरच्या सायकली हा विषय तुम्हीच काढा.

सर्वांत अवघड आहे ते आईच्या गुडघ्यांचे. चौदा मजले तिला उतरवणार नाहीत. रेफ्यूज एरिया, म्हणजे आगीच्या वेळी थांबण्यासाठी इमारतीत राखलेली जागा, कितव्या मजल्यावर आहे ते पाहून तिथपर्यंत तिला एकदा हळूहळू घेऊन जा, किती वेळ लागतो ते मोजा आणि तिच्यासोबत कोणी राहायचे ते आताच ठरवा. जमायची जागा गेटवर नको, तिथून बंब आत येतात. गणपतीचा मांडव पडतो तो कोपरा बरा.

ओंकारने नकाशा काढला की फोटो पाठवा. मीरा तांबडी पेन्सिल घेऊन तपासायला बसली आहे. आईला साष्टांग नमस्कार, चि. ओंकारला आशीर्वाद.

आपली,
शुभदा