बंदुकीची नळी कापू नका; दुरुस्तीची सोय करा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

भात पोटरीला आलं की आमच्या कुडाळ-सावंतवाडी पट्ट्यात शेतीसंरक्षणाच्या बंदुका बाहेर निघतात. बंदूक हवी की नको, हा वाद मला इथे घालायचा नाही. रानडुकरांचा कळप एका रात्रीत अख्खा कोपरा लोळवून जातो तेव्हा ज्याचं शेत असतं त्यालाच ते कळतं. मला लिहायचंय ते या बंदुकांना हल्ली जे काही ‘करून घेतलं’ जातंय त्याबद्दल.

गावातली तरुण मुलं मोबाइलवर अमेरिकेतले व्हिडिओ बघतात. पंप अ‍ॅक्शन बंदूक (पुढची मूठ मागेपुढे सरकवून काडतूस भरायची), आखूड नळी, बदललेला दस्ता, वर टॉर्च, बाजूला काडतुसांचा पट्टा. घराच्या रक्षणाला हीच, शिकारीला हीच. ते बघून आजोबांकडून वारसाने आलेली दुनळी उचलायची आणि ग्रील बनवणाऱ्याच्या शेडमध्ये न्यायची: ‘चार-पाच इंच कमी करून दे, काजूच्या बागेत अडकते.’ अशी कापलेली एक नळी मी हातात घेऊन पाहिली आहे. करवतीच्या खुणा तशाच, तोंडाच्या आतल्या कडेला धारदार कूस आणि दोन नळ्यांच्या मधली पट्टी टोकाशी सुटलेली. दुनळीच्या नळ्या त्या पट्टीला मऊ डागाने जोडलेल्या असतात. टोक कापलं की मधली पोकळी उघडी पडते, आमच्या पावसाळ्याचं पाणी आत उतरतं आणि बाहेरून लख्ख दिसणारी बंदूक आतून गंजत जाते.

त्याहून वाईट म्हणजे नेम. बहुतेक दुनळ्यांची नळी तोंडाशी किंचित अरुंद केलेली असते. छर्रे एकत्र राहावेत म्हणून कारीगराने ती तशी केलेली असते. तेवढाच भाग कापून टाकला की तीस पावलांवर छर्रे सुपात पसरल्यासारखे विखुरतात. त्याने डुक्कर मरत नाही, जखमी होतं. जखमी डुक्कर रानात जाऊन तीन दिवस तडफडतं, नाहीतर उलटून माणसाच्या अंगावर येतं. त्या मुलांना वाटतं बंदूक सुधारली. प्रत्यक्षात वडीलधाऱ्यांनी पन्नास वर्षं जपलेली वस्तू एका दुपारीत निकामी झाली.

या मुलांना अमेरिकेचं उदाहरण द्यायचंच असेल तर पुरतं द्यावं. रेमिंग्टन ८७० ही पंप अ‍ॅक्शन बंदूक १९५० साली बाजारात आली आणि आजवर एक कोटीहून जास्त खपली. मॉसबर्ग ५०० ही तशीच घरोघरी असलेली. या बंदुकांचं पुढचं टोपण फिरवून काढलं की नळी सुटी होते. म्हणून तिथला माणूस घरासाठी आखूड आणि बदकांसाठी लांब, अशा कंपनीतच बनलेल्या दोन नळ्या ठेवतो. करवत लावत नाही. १९३४ सालापासून तिथेही १८ इंचांपेक्षा आखूड नळीची शॉटगन, म्हणजे छर्ऱ्यांची बंदूक, सरकारदरबारी नोंदवल्याशिवाय बाळगता येत नाही. स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीत तर एका वेळी तीनच काडतुसं भरता यावीत म्हणून आत अडसर घालावा लागतो. बंदुकांच्या बाबतीत जगात सगळ्यांत मोकळा समजला जाणारा देशही नळी आणि काडतुसं मोजतो, हे व्हिडिओत कुणी सांगत नाही.

आणि आपल्याकडे काय? शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ६ प्रमाणे नळी आखूड करायलाच वेगळा परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्या गुन्ह्याची शिक्षा किमान सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे. कलम १३ मध्ये शेतकऱ्याला मिळणाऱ्या गुळगुळीत (आत आटे नसलेल्या) नळीच्या बंदुकीची नळी निदान २० इंच लांब हवी असं स्पष्ट लिहिलेलं आहे. ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची) बंदूक शेतीसाठी पुरणार नाही अशी खात्री पटली तरच अधिकारी काडतुसाची बंदूक देऊ शकतात. म्हणजे ज्या कागदावर आपण बंदूक बाळगतो, त्याच कागदाच्या मुळावर करवत चालते. शिकारीचं तर बोलायलाच नको. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आणि त्याच्या १९९१ च्या दुरुस्तीने हौसेची शिकार आपल्या देशात संपली. पीक खाणारं डुक्कर मारायलाही वन विभागाची लेखी परवानगी लागते. घराच्या रक्षणाचा हक्क कायदा देतो, पण गरजेपेक्षा जास्त इजा करायची मोकळीक देत नाही. रात्री पाचोळा वाजला म्हणून बार टाकला आणि सोबतचाच माणूस पडला, असं कोकणात घडलेलं आहे. आखूड नळी आणि हलका करून घेतलेला चाप हातात असेल तर ते अधिक सहज घडेल.

चापाचं सांगायला हवं, कारण करवतीपेक्षा मला त्याची भीती जास्त वाटते. घोडा अडवून धरणारा आतला खटका झिजला की लोक कानस मारून घेतात. चाप हलका लागतो, बरं वाटतं. मग बांधावरून उडी मारताना दस्ता दगडावर आपटतो आणि घोडा आपोआप सुटतो. तसंच काडतुसाचं. जुन्या विलायती दुनळ्यांचा कोठा, म्हणजे नळीतली काडतूस बसायची जागा, बहुधा ६५ मिलिमीटरच्या काडतुसासाठी असतो. ७० मिलिमीटरचं काडतूस त्यात आरामात बसतं, कारण ते पुढून दुमडलेलं असतं. बार होताना ती घडी उलगडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातलं काडतूस उत्तम असतं, पण ते कुठल्या कोठ्यात घालायचं हे बघणं आपलं काम आहे. आपल्या बंदुकीचा कोठा किती लांबीचा, हे आमच्या वाडीतल्या परवानाधारकांना विचारलं तर एक-दोघंच सांगू शकतील.

दस्त्याला मागे रबराची गादी लावणं, पट्टा बसवणं, दस्ता आपल्या हाताच्या मापाचा करून घेणं यात काही वावगं नाही. धक्का कमी बसतो, नेम सुधारतो. मात्र सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी नळीवर टॉर्च आवळून बांधणाऱ्यांनी एवढं बघावं की टोकाचा नेमाचा मणी झाकला जात नाही ना.

पण संपादक महोदय, दोष फक्त मुलांचा नाही. कलम ५ प्रमाणे बंदूक दुरुस्त करायलाही परवाना लागतो, आणि असा परवाना असलेला कारीगर आमच्या आसपासच्या गावांत नाही. सांधा ढिला झाला, खटका झिजला, की शेतकऱ्यापुढे दोनच वाटा राहतात. बंदूक तशीच वापरायची, नाहीतर ग्रीलवाला गाठायचा. त्याच्या शेडमध्ये एकदा दुरुस्ती सुरू झाली की करवत काही लांब नसते. नवीन परवान्यासाठी २०१६ च्या नियमांनी सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षण सक्तीचं केलं, हे योग्यच झालं. पण पिढीजात बंदुका वापरणाऱ्या जुन्या परवानाधारकांना कुणी काही शिकवलेलं नाही.

यावर एक सोपी गोष्ट करता येईल. निवडणूक लागली की बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात. सरसकट जमा करू नका, प्रत्येक प्रकरण तपासून ठरवा, असं मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्ये सांगितलेलं आहे, आणि ते पाळलं जावं अशी माझीही मागणी आहे. २०२४ मध्ये आमच्याकडे लोकसभेचं मतदान ७ मे रोजी झालं, ऐन काजूच्या दिवसांत. विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली, तेव्हा भात कापणीला आलेलं होतं. पण ज्या बंदुका जमा होतातच, त्या आठवडेच्या आठवडे कपाटात उभ्या असतात. त्या काळात पोलीस मुख्यालयाच्या आर्मोररने (शस्त्रं सांभाळणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्या कर्मचाऱ्याने) प्रत्येक बंदूक उघडून पाहावी. नळीची लांबी, सांधा, खटका, कोठ्याचं माप तपासून एका चिठ्ठीवर लिहून द्यावं. निवडणूक नसेल तेव्हा पाच वर्षांनी येणाऱ्या नूतनीकरणाला हीच तपासणी जोडावी, आणि वर्षातून एकदा तालुक्याच्या गावी परवानाधारक कारीगर बोलवावा. त्याची मजुरी आम्ही शेतकरी देऊ.

केरळने २०२२ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांना डुकरं मारण्याची परवानगी देण्याचे अधिकार दिले आणि परवानाधारक बंदूकवाल्यांची मदत घेतली. उद्या आपल्याकडे तसं ठरलं तर त्या कामाला धड नेम लागणाऱ्या बंदुका लागतील. आज तपासणी केली तर तशा किती निघतील, याची मला काळजी आहे.

सिंधुदुर्गच्या जिल्हाधिकाऱ्यांनी आणि पोलीस अधीक्षकांनी येत्या भातकापणीच्या आत कुडाळला असं एक तपासणी शिबिर घ्यावं. ज्यांनी अजाणतेपणी नळीला हात लावला असेल त्यांनीही भिऊन बंदूक लपवू नये. वकिलाचा सल्ला घेऊन ती स्वतःहून ठाण्यात न्यावी.

आपला विश्वासू,
एक परवानाधारक शेतकरी,
ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग