दावीद केवढा, तेही छापा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत दावीदच्या (बायबलमधल्या धिप्पाड गल्याथला मारणाऱ्या पोराच्या) तीन मूर्तींचे फोटो शेजारी शेजारी आले आहेत. मायकलअँजेलोचा संगमरवरी, डोनाटेल्लोचा ब्राँझचा आणि इटलीतल्या पादुआच्या बार्तोलोमेओ बेल्लानोचाही ब्राँझचाच. लेख चांगला आहे. पण तिन्ही फोटो एकाच मापाचे, आणि उंची कुठेच दिलेली नाही. माझ्या नातवाने तिघांना सख्खे भाऊ ठरवून टाकलं.

प्रत्यक्षात पहिला ५ मीटर १७ सेंटिमीटर. दुसरा १५८ सेंटिमीटर, म्हणजे आठवी-नववीतल्या पोराएवढा. आणि बेल्लानोचा २८.६ सेंटिमीटर. आमच्या मापात सव्वा वीत.

मी ओताऱ्याच्या घरातला. हयात पितळी देव ओतण्यात गेली. लेकीकडे अमेरिकेला गेलो होतो तेव्हा न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये हा सव्वा वितीचा दावीद पाहिला. अंगात कपडे (डोनाटेल्लोचा टोपी नि बूट सोडले तर उघडाच), पायाशी गल्याथचं मुंडकं, कुठे कुठे सोन्याचा मुलामा. लेकीने ओढून नेईपर्यंत काचेपाशी वाकून बघत होतो. एवढ्या लहान कामात वितळलेल्या धातूचा रस बारीक जागी पोचायच्या आतच गार होतो, बोटं अर्धी राहतात. पुढे छिन्नी-कानस चालवताना हात जरा घसरला की नाक गेलं. मोठ्या मूर्तीची दुखणी निराळी: आतला गाभा हलतो, रस एका दमात पुरावा लागतो. उंची कळल्याशिवाय कारागिराने नेमकं काय साधलंय, हे ओताऱ्यालाही सांगता यायचं नाही.

बघण्याची रीतही मापावरच ठरते. मायकलअँजेलोचं काम १५०१ मध्ये फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलवर, उंचावर बसवण्यासाठी सांगितलं गेलं होतं. ते मान वर करूनच बघायचं. डोनाटेल्लोचा दावीद फ्लॉरेन्सच्या बड्या मेदिची घराण्याच्या वाड्यात, चौकाच्या मधोमध उभा होता. बेल्लानो डोनाटेल्लोच्याच हाताखाली शिकला, पण पादुआ हे विद्यापीठाचं गाव. तिथल्या विद्वानांना अशी लहान ब्राँझं खोलीत, मेजावर ठेवायला हवी असत; उचलायची, फिरवायची, पाठ कशी घडवलीय तेही बघायचं. आपण छापलेल्या फोटोत यातलं काही उरत नाही.

बायबलमध्येसुद्धा गल्याथची ओळख करून देताना आधी उंची सांगितली आहे: सहा हात एक वीत. मग त्याचं चिलखत, भाला वगैरे. वर्तमानपत्राला एका ओळीची जागा जड होऊ नये. (जाहिरातीत फ्लॅटचं माप चौरस फुटांत अगदी ठळक असतं.)

पुढच्या रविवारी बेल्लानोचा शिष्य आंद्रेआ रिच्चो येणार असं आपण जाहीर केलंय. त्याने मेजावरचे तेलाचे दिवे केले, आणि पादुआच्या संत अँथनीच्या चर्चमधला ब्राँझचा दीपस्तंभही त्याचाच, जवळपास ४ मीटर उंच. हे दोन्ही शेजारी छापणार असाल तर फोटोखाली सेंटिमीटरमध्ये उंची द्यावी. धातूही लिहिला तर उत्तम. मागच्या लेखात एका ठिकाणी ब्राँझला पितळ म्हटलं आहे.

आपला,
एक निवृत्त ओतारी, कोल्हापूर