खचलेल्या पोरांसाठी विहार उघडा

स्पर्धा परीक्षेत पुन्हा अपयश आलं आणि आमच्या शेजारच्या पोराची झोपच उडाली. ताटावरून उठून जायचा. त्याला उपदेश नको होता. रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसवून मी त्याला आनापानसती दाखवली: नाकपुडीशी येणारा-जाणारा श्वास नुसता बघायचा, मन भरकटलं की न चिडता परत आणायचं. आता तो निदान जेवतो, बोलतो.

आळत्याच्या धम्मालय या ध्यानकेंद्रात १० दिवसांचं, मौन पाळून करायचं विपश्यना शिबिर विनामूल्य असतं. पण इतक्या खचलेल्या पोराला थेट मौनात धाडू नये. आधी डॉक्टर, किंवा १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक. जिल्ह्यातल्या बुद्धविहारांनी मात्र जात-धर्म न विचारता रोज संध्याकाळी तासभर अशा मुलांसोबत बसावं, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, कोल्हापूर