पाणदिवडाला नाग समजून मारू नका

महोदय,

पावसाळा लागला की गोदाकाठच्या वस्त्यांत आणि निफाडकडच्या मळ्यांत ‘नाग निघाला’ अशी ओरड होते आणि काठीखाली मरतो तो बरेचदा बिनविषारी पाणदिवड. डिवचल्यावर हा साप मान चपटी करून डोके उचलतो, कडकडून चावतोही, म्हणून माणूस घाबरतो हे खरेच. पण अंगावरचे बुद्धिबळाच्या पटासारखे काळे चौकोन आणि डोळ्यापासून मागे गेलेल्या दोन काळ्या तिरक्या रेघा लांबूनही दिसतात. ओळख पटली नाही तर हात न लावता सर्पमित्राला बोलवावे.

गोदावरी-कादवा संगमावरचे नांदूरमधमेश्वर पक्षी अभयारण्य २०२० मध्ये राज्यातले पहिले रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाले. पक्ष्यांचे कौतुक होते, व्हायलाच हवे. पण पाणकणसांत मासे-बेडूक धरणारा आणि स्वतः बगळ्यांचे भक्ष्य होणारा हा सापही त्याच पाणथळीचा रहिवासी आहे. मादी काठच्या बिळात अंडी घालून त्यांच्याजवळ थांबते. तो काठ जेसीबीने खरवडला किंवा त्यावर काँक्रीट ओतले, की अंडी जातात आणि मादीही.

शहरात घाटांची कामे काढताना मातीचा, गवताचा थोडा काठ तसाच राखावा आणि मासेमारीची फाटकी नायलॉन जाळी पाण्यात टाकू नये, एवढी कळकळीची विनंती.

– एक वाचक, नाशिक