मूर्ती कशाची घडवायची, हे दसऱ्यापूर्वी कळू द्या : पर्यावरण मंत्र्यांना पेणहून खुले पत्र

मा. पर्यावरण व वातावरणीय बदल मंत्री,
महाराष्ट्र शासन, मुंबई.

सविनय नमस्कार.

पेण तालुक्यात ज्या घरांमध्ये गणेशमूर्ती घडतात, त्यांपैकी एका घरातून हे पत्र लिहीत आहे. आमचा कारखाना म्हणजे घराची पडवी, माजघराचा अर्धा भाग आणि अंगणातली पत्र्याची शेड. सासऱ्यांनी शाडूच्या मातीवर सुरू केलेले काम मागणी वाढली तसे प्लास्टर ऑफ पॅरिसकडे, म्हणजे पीओपीकडे वळले आणि आता आमच्याकडे दोन्ही प्रकारच्या मूर्ती होतात. माती मळणे, कच्च्या मूर्तीची सफाई आणि रंगकाम घरातले सगळेच करतात. डोळ्यांची आखणी माझ्याकडे असते. पेण शहर, हमरापूर, जोहे, कळवे या पट्ट्यात थोड्याफार फरकाने असेच चालते.

पीओपी पाण्यात विरघळत नाही, हे धरमतरच्या खाडीजवळ राहणाऱ्या आम्हाला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही, आणि त्यावर वाद घालण्यासाठी मी लिहीत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, येत्या वर्षी कोणत्या साहित्याची आणि किती उंचीची मूर्ती चालेल, हे आम्हाला काम सुरू करण्यापूर्वी कळले पाहिजे.

गणपती भाद्रपदात येत असले तरी आमचे वर्ष दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होते. परदेशातल्या मराठी घरांसाठीच्या मूर्ती जहाजाने जातात, म्हणून त्या उन्हाळ्यातच तयार लागतात. घाऊक व्यापारी न रंगवलेल्या कच्च्या मूर्ती त्याहूनही आधी उचलतात. रंग, माती, मजुरी यांसाठी काढलेले कर्ज मात्र चतुर्थी झाल्यावरच फिटते. म्हणजे निर्णय वैशाखात झाला काय किंवा आषाढात झाला काय, तोवर घर मूर्तींनी भरलेले असते आणि पैसे त्यात अडकलेले असतात.

गेल्या काही वर्षांचा क्रम आपण पाहावा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची सुधारित मार्गदर्शक तत्त्वे १२ मे २०२० रोजी आली आणि त्यांतली पीओपी मूर्तींवरील बंदी त्याच महिन्यात वर्षभरासाठी पुढे ढकलली गेली. त्याच वर्षी जुलैमध्ये साथीमुळे सार्वजनिक मूर्तीला चार फूट आणि घरगुती मूर्तीला दोन फूट अशी मर्यादा आली, तेव्हा उंच मूर्ती रंगवून झाल्या होत्या. २०२५ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने बंदी काटेकोरपणे राबवण्यास सांगितले; ९ जूनला मूर्ती घडवण्यास मोकळीक मिळाली; जुलैअखेरीस सहा फुटांपर्यंतच्या पीओपी मूर्तींचे विसर्जन कृत्रिम तलावातच करावे, असा आदेश झाला. चतुर्थी २७ ऑगस्टला होती. प्रत्येक निर्णयामागे कारण होते, हे मी मान्य करते. पण त्या जानेवारीनंतर आमच्या एका जुन्या व्यापाऱ्याने मागणी थांबवली आणि जूननंतर तीच मागणी दुपटीने केली, तेव्हा एवढ्या मूर्ती वाळवून रंगवायला हातात दिवसच उरले नव्हते.

पीओपी सोडून शाडूवर येणे म्हणजे केवळ कच्चा माल बदलणे नव्हे. पीओपी रबराच्या साच्यात ओतले की थोड्या वेळात घट्ट होते. शाडू साच्यात हाताने दाबून भरावी लागते, मूर्ती सावकाश आणि सावलीत वाळवावी लागते, घाई केली तर तडा जातो, आणि ती जड व नाजूक असल्यामुळे एकावर एक रचता येत नाही. म्हणून तेवढ्याच मूर्तींसाठी जागा जास्त लागते, माणसे जास्त लागतात, आणि ती शिकलेली असावी लागतात. चांगली शाडू गुजरातेतून येते, तिची नोंदणीही आधीच करावी लागते. आणखी एक गोष्ट नियम लिहिणाऱ्यांच्या ध्यानात असावी : शाडूच्या मूर्तीचा साचा प्लास्टरचाच असतो, कारण तो मातीतली ओल शोषून घेतो. तो वर्षानुवर्षे वापरात राहतो, पाण्यात जात नाही. तेव्हा मूर्तीचे प्लास्टर आणि साच्याचे प्लास्टर यांत फरक करावा.

यासाठी विनंती अशी की, साहित्य, उंची आणि विसर्जन यांविषयीचा शासनाचा निर्णय दसऱ्यापूर्वी जाहीर व्हावा आणि तो किमान तीन हंगामांसाठी असावा. प्रकरण न्यायालयात असेल, तर शासनाने आपली भूमिका तेथे हंगाम सुरू होण्यापूर्वी मांडावी. निर्णयाच्या दिवशी घरात तयार असलेल्या मूर्तींना त्या हंगामापुरती मुभा असावी. शाडूकडे वळू पाहणाऱ्या घरांना साचे आणि शेड यांसाठी कर्ज मिळावे व त्याची परतफेड चतुर्थीनंतर सुरू व्हावी. पावसाळ्यात मूर्ती वाळवण्यासाठी तालुक्यात सामाईक कोरडी जागा उभी राहिली, तर ज्यांच्याकडे अंगणही नाही असे लहान कारागीर टिकतील. मला सर्वाधिक काळजी त्यांची वाटते, कारण मोठे कारखानदार एखादा हंगाम तोट्यात काढू शकतात.

आपल्या विभागाच्या अधिकाऱ्यांनी पौष-माघात एकदा पेणला यावे. तेव्हा कच्च्या मूर्ती घराघरांत असतात आणि कोणत्या घरात किती माल, किती कर्ज आणि किती हात गुंतले आहेत, ते विचारल्यास कोणीही मोकळेपणाने सांगेल.

आपली विश्वासू,
पेण, जि. रायगड येथील एक मूर्तिकार