चेंडूला थुंकी लावू द्या, चुरस आपोआप येईल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भारत-पाकिस्तान सामन्यांवरची पत्रं आपल्या दैनिकात मी नेमानं वाचतो. हात मिळवला की नाही, चषक कुणाच्या हातून घ्यायचा, कुणी कुणाकडे कसं बघितलं, याच्यापुढे कुणी सरकायला तयार नाही. 2025च्या आशिया चषकात लागोपाठ तीन रविवारी हे दोन संघ समोरासमोर आले. अंतिम सामन्यात पाकिस्तान 1 बाद 113 वरून 146 वर गारद झाला. कुलदीप यादवनं एका षटकात तिघांना घरी पाठवलं, एकूण चार बळी घेतले. आमच्या पानठेल्यावर दुसऱ्या दिवशी कुलदीपचं नावही निघालं नाही. चर्चा सगळी चषकाची! माझं मत विचाराल तर खेळायचं नसेल तर सरळ नाही म्हणा, आणि उतरलात तर हात मिळवा. अर्धवट काही नको. पण तो विषय मोठ्या लोकांचा.

मला बोलायचं आहे ते चेंडूबद्दल.

मी नागपूरच्या महाल भागात राहतो. वीज मंडळातून निवृत्त झालो आणि आता रविवारी क्लबच्या सामन्यांत पंच म्हणून उभा राहतो. चेंडू जुना झाला की पोरांची गंमत बघण्यासारखी असते. रन-अपकडे परत जाताना बोलराचं बोट सवयीनं ओठांपर्यंत जातं, तेवढ्यात त्याची नजर माझ्याकडे वळते आणि ते बोट मुकाट्यानं पँटीला पुसलं जातं. चेंडू चमकवायला लाळ लावली तर पाच धावांचा दंड! करोनामुळे 2020 साली आलेली ही तात्पुरती बंदी 2022च्या ऑक्टोबरपासून कायमची झाली. घाम चालतो म्हणे. नागपूरच्या एप्रिलमधल्या उन्हात घाम कपाळावरच वाळतो हो, चेंडूपर्यंत पोचतो कुठे? एक बाजू चकचकीत आणि एक खरबरीत राहिली तरच जुना चेंडू उलटा वळतो. पाकिस्तानच्या वसीम अक्रम-वकार युनूस या वेगवान जोडीची अख्खी दहशत त्यावरच उभी होती. भारत-पाकिस्तान सामन्यात चाळिसाव्या षटकानंतर आपल्या छातीत धडधड व्हायची ती याच चेंडूमुळे, घोषणांमुळे नाही.

त्यात एकदिवसीय सामन्यांत 2011च्या ऑक्टोबरपासून दोन टोकांना दोन नवे चेंडू आले. म्हणजे डाव संपला तरी एकेक चेंडू पंचवीसच षटकं वापरलेला. फलंदाजांची दिवाळीच. त्या नियमाच्या सहा-सात महिने आधी, 12 मार्च 2011ला, जामठ्याला, म्हणजे नागपूरच्या नव्या स्टेडियमवर, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध विश्वचषकाचा सामना झाला होता, तो आठवा. सचिनचं शतक, भारत 1 बाद 267, चारशेची भाषा सुरू झालेली. मग त्यांचा वेगवान गोलंदाज डेल स्टेन आला आणि उरलेले नऊ गडी 29 धावांत गेले. 296 सर्व बाद! शेवटच्या षटकात त्यांच्या रॉबिन पीटरसननं आपल्या नेहराला झोडलं आणि आपण हरलो. स्टँडमध्ये लोकांनी डोक्याला हात लावले होते. तरी सांगतो, जामठ्यात त्यापेक्षा सरस एकदिवसीय सामना मी पाहिलेला नाही.

आता 2025च्या जुलैपासून आयसीसीनं, म्हणजे आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेनं, नियम थोडा सैल केला. 34 षटकांनंतर दोनांपैकी एकच चेंडू निवडायचा आणि शेवटपर्यंत तोच वापरायचा. चांगलं केलं. पण हिशोब करून बघा, निवडलेला चेंडू तेव्हा 17 षटकं जुना असतो आणि डाव संपताना 33. त्याला लाळेची जोड मिळाली तर काही हालचाल होईल. आयपीएलनं 2025 मध्ये लाळेवरची बंदी उठवली, आकाश काही कोसळलं नाही. मग आंतरराष्ट्रीय क्रिकेटनंच काय पाप केलंय?

चेंडू टाकण्याआधीच क्रीज सोडणाऱ्या नॉन-स्ट्रायकरला, म्हणजे गोलंदाजाच्या टोकाच्या फलंदाजाला, गोलंदाजानं धावचीत करण्याबद्दलही अजून नाकं मुरडली जातात. दीप्ती शर्मानं 2022 मध्ये लॉर्ड्सवर इंग्लंडच्या चार्ली डीनला असंच बाद केलं तर केवढा गहजब! क्रीज सोडून आधीच पळणारा शहाणा आणि बेल्स उडवणारी अपराधी? नियमानं बाद म्हणजे बाद. मी स्वतः बोट वर केलेलं आहे आणि रात्री झोपही शांत लागली.

राहता राहिला प्रश्न खऱ्या चुरशीचा. पाकिस्तानशी आपली शेवटची कसोटी झाली 2007च्या डिसेंबरात, बंगळुरूला. त्यानंतर जन्मलेल्या पोरानं ही लढत कसोटीत पाहिलेलीच नाही. पांढऱ्या चेंडूची एखादी संध्याकाळ आणि मग वर्षभर टीव्हीवरची बोंबाबोंब, याला मी तरी चुरस म्हणत नाही. ऑस्ट्रेलियाचं तसं नाही. 2004 मध्ये नागपूरच्याच सिव्हिल लाइन्सच्या जुन्या मैदानावर हिरवीगार खेळपट्टी मिळाली, त्यांच्या गिलेस्पीनं सामन्यात नऊ बळी घेतले, आपण 342 धावांनी हरलो आणि मालिकाही गेली. 2008 मध्ये जामठ्याला त्यांचा फिरकीपटू क्रेझानं पदार्पणातच बारा गडी टिपले, तरी सामना आपण जिंकला. 2023 मध्ये त्यांना 91 धावांत गुंडाळलं. सामन्याआधी खेळपट्टीवरून त्यांनी रडगाणं लावलं होतं, पण 2004 मध्ये तेच रडगाणं आपण लावलं होतं, हे नागपूरकरानं तरी विसरू नये. 2015च्या दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या कसोटीत जामठ्याच्या खेळपट्टीला आयसीसीनं 'खराब' शेरा दिला, तो मात्र रास्त होता. तीन दिवसांत सामना संपला, पुढच्या दिवसांची तिकिटं काढून ठेवणाऱ्यांनी काय करायचं?

तेव्हा नियम करणाऱ्यांना एवढंच मागणं आहे की फलंदाजांचे लाड पुरे झाले. लाळेवरची बंदी आधी उठवा, आणि जमलंच तर एकदिवसीय सामन्यात एकच चेंडू द्या, पहिल्या षटकापासून.

आपला,
एक हौशी पंच, महाल, नागपूर