पायी फिरणाऱ्यांनाही विचारा, मंत्रिमहोदय

प्रति,
मा. वनमंत्री,
मध्य प्रदेश शासन, भोपाळ

महोदय,

इंदूर स्वच्छतेत देशात पहिलं, ह्याचा आम्हाला अभिमान आहेच. पण रविवारी महू ओलांडलं की हेच इंदूरकर वेफर्सची पाकिटं जानापावच्या उतारावर टाकून येतात. आमचा भटक्यांचा लहानसा गट दर पावसाळ्यात ती पोत्यांत भरून खाली आणतो. त्याची शाबासकी नको. चंबळ जिथे उगम पावते त्या डोंगराचं काही ठरवताना, तो पायाखालून घातलेल्यांना कुणी विचारत नाही, एवढंच म्हणणं आहे.

२०११ साली पातालपाणीला अचानक आलेल्या लोंढ्यात माणसं वाहून गेली. त्यामुळे धबधब्यापाशी कठडे हवेतच. पण सगळा डोंगरच बंद केला, तर त्याच्यासाठी भांडणार कोण?

अमेरिकेतल्या डोंगरप्रेमींची संस्था सिएरा क्लब हे ह्याचंच उदाहरण. ती १८९२ची, पहिले अध्यक्ष जॉन म्यूर. १९०१पासून हा क्लब सभासदांना उन्हाळ्यात डोंगरांत मुक्कामी नेई. तरी योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातली हेच हेची दरी त्यांना वाचवता आली नाही. १९१३च्या कायद्याने ती सॅन फ्रान्सिस्कोच्या पाण्यासाठी धरणाला गेली. पुढे इको पार्क नावाच्या नदीदरीत धरण यायचं होतं, तेव्हा क्लबने १९५३मध्ये लोकांना नावांतून थेट त्या दरीत नेलं. पाहून आलेले लोक लढ्यात उतरले आणि कोलोरॅडो नदीच्या खोऱ्यातल्या धरणांच्या १९५६च्या कायद्यातून ते धरण वगळलं गेलं. ग्लेन कॅन्यन ही दरी मात्र त्याच कायद्याने धरणाला गेली. ती फारशी कुणी पाहिलीच नव्हती. लढ्याचे पुढारी डेव्हिड ब्रॉवर ह्यांना ती चूक जन्मभर सलत राहिली.

क्लबवाले साधुसंत होते असं नाही. त्यांच्याच खेचरांच्या तांड्यांनी उंचावरची कुरणं तुडवली. मग तांडे लहान झाले, आणि उद्दिष्टातले 'डोंगर सुगम करणे' हे शब्द जाऊन तिथे 'जतन' आलं. आमच्याकडूनही चुका होतील, टोका.

मागणी एकच. इंदूर वनमंडळाची कार्य आयोजना, म्हणजे जंगलात पुढे काय करायचं ह्याचा आराखडा, तयार होताना पायी फिरणाऱ्या गटांना बोलवा. कुठला झरा कधी आटतो, कुठे नवी तोड दिसते, हे आमच्या वह्यांत तारखेनिशी आहे.

येत्या रविवारी सहाला महू नाक्यावर भेटू. पोहे-जिलबी आमच्याकडून. बूट जुने घाला, जानापावला चिखल फार असतो.

आपला,
एक इंदूरकर भटक्या